दोष कुलपात, बोल कुणाला?

दसऱ्याला पंचांग उघडावे लागत नाही. साडेतीन मुहूर्तांतला तो एक पुरा मुहूर्त. त्यामुळे पुणे-पिंपरीपासून नांदेड-कोल्हापूरपर्यंत दुचाकींच्या शोरूमसमोर त्या दिवशी सकाळपासून झुंबड असते. पैसे आठवडाभर आधी भरलेले असतात, कागदपत्रे झालेली असतात, पण गाडी घरी न्यायची ती दसऱ्यालाच. हँडलला झेंडूचा हार, टाकीवर कुंकवाचे स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, पुढे नारळ. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, विळा-कोयता, पाना-पक्कड, शिलाई मशीन यांची पूजा झालेली असते आणि आता त्याच रांगेत मोटारसायकल येऊन उभी राहते. ज्या साधनावर पोट चालते त्याला हात जोडावेत, ही यामागची भावना जुनी आहे आणि खरीही आहे.

आणि मग पंधरा दिवसांत त्या गाडीची किल्ली अडकते.

कधी किल्ली आत जाते पण फिरत नाही. कधी फिरते, पण मीटरवरचे दिवे लागत नाहीत. कधी हँडल पूर्ण डावीकडे वळवले की सगळे विझते आणि सरळ केले की पुन्हा उजळते. सर्व्हिस सेंटरचा मेकॅनिक ‘इग्निशन लॉकचा प्रॉब्लेम आहे’ म्हणतो आणि वॉरंटीत बदलून मिळेल असे सांगतो. त्याच्या दृष्टीने विषय तिथे संपतो, घरात मात्र तो तिथेच सुरू होतो. मुहूर्तावर घेतली, पूजा केली, तरी असे का व्हावे? कुणी म्हणते नजर लागली. कुणी नंबर प्लेटवरच्या आकड्यांची बेरीज करून पाहते. कुणाला आठवते की नारळ पहिल्या फटक्यात फुटला नव्हता. आणि त्या वर्षी घरात नवी सून आलेली असेल, तर कुणीतरी आवाज खाली आणून पायगुणाचा विषय काढते.

हा शेवटचा बोल लावायला सर्वांत सोपा आणि सोसायला सर्वांत कठीण. तो लावणाऱ्याला काही सिद्ध करावे लागत नाही. जिला लागतो तिला मात्र तो खोडून काढता येत नाही. पुढे गाडी पंक्चर झाली, दूध नासले, सासऱ्यांचा रक्तदाब वाढला, की प्रत्येक गोष्ट त्याच खात्यावर चढते. म्हणून बिघडलेल्या कुलपाचा प्रश्न केवळ गॅरेजचा राहत नाही. एखाद्या घटनेचे कारण कुठे शोधावे आणि ते शोधायचे कुठे थांबवावे, हा धर्मविचारातला मोठा प्रश्न त्यात दडलेला आहे.

आधी कुलूपच पाहू. किल्ली ज्या नळकांड्यात जाते त्यात पातळ धातूच्या छोट्या पट्ट्या एकामागे एक बसवलेल्या असतात आणि प्रत्येकीमागे बारीकशी स्प्रिंग असते. किल्लीच्या खाचा त्या पट्ट्यांना नेमक्या उंचीवर आणतात. सगळ्या पट्ट्या नळकांड्याच्या कडेशी समपातळीत आल्या, तरच ते फिरते. एक जरी पट्टी केसभर बाहेर राहिली तरी अडते. त्याच्या खाली विजेचा भाग असतो: फिरणारी तबकडी, तिच्यावरचे संपर्कबिंदू आणि तिथून निघणारा वायरींचा जुडगा. हा जुडगा हँडलच्या मानेजवळून जातो. गाडी जितक्या वेळा वळते तितक्या वेळा तो थोडा वाकतो. कारखान्यात जोडणी करताना तो जास्त ताणून बांधला गेला असेल, तर एका विशिष्ट वळणावर आतली तार सुटू पाहते. हँडल डावीकडे वळवल्यावर दिवे जातात ते यामुळे.

चांगला मेकॅनिक हे कसे ओळखतो ते पाहण्यासारखे असते. तो किल्ली चालूवर ठेवतो आणि तिला हात न लावता फक्त हँडल फिरवतो. दिवे गेले, तर संशय वायरीवर. मग हँडल स्थिर ठेवून फक्त किल्ली हलवतो. आता दिवे गेले, तर संशय संपर्कबिंदूंवर. शेवटी वायरीचा जोड सोडवून, कुलूप बाजूला ठेवून थेट प्रवाह देतो. सगळे नीट चालले, तर बॅटरी आणि पुढची यंत्रणा निर्दोष ठरते. जे असताना बिघाड दिसतो आणि जे काढून घेतल्यावर तो नाहीसा होतो, ते कारण. आपल्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या अभ्यासकांनी, याच पद्धतीला अन्वय आणि व्यतिरेक अशी नावे दिली आणि शतकानुशतके तिचा कीस काढला. धूर दिसला म्हणून डोंगरावर आग आहे असे म्हणण्यापूर्वी धूर आणि आग यांचा संबंध कधीच मोडत नाही याची खात्री हवी, हा त्यांचा आग्रह. तो संबंध एकदा जरी मोडला तरी हेतू, म्हणजे अनुमानासाठी पुढे केलेले कारण, सदोष ठरला. अशा सदोष हेतूंची त्यांनी हेत्वाभास म्हणून वर्गवारीच करून ठेवली आहे.

पायगुणाला हीच कसोटी लावून पाहावी. त्याच दसऱ्याला त्याच शोरूममधून त्याच मॉडेलच्या किती गाड्या बाहेर पडल्या, त्यांतल्या किती घरांत नवी सून होती, आणि जिथे नव्हती तिथली कुलपे बिघडली नाहीत का? हे कुणी विचारत नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, एवढ्यावर निवाडा होतो. ही म्हण मराठी घराघरांत ठाऊक आहे. ती नेमकी गरजेच्या वेळी आठवत नाही, याचे वाईट वाटते.

इथे कुणी म्हणेल की न्यायदर्शन हे तर्काचे शास्त्र. श्रद्धेच्या बाबतीत त्याचे काय चालणार? तर मग थेट पूर्वमीमांसेकडे जावे. वैदिक कर्मकांडाचा अर्थ लावणारे, विधीतली काडीही इकडची तिकडे होऊ न देणारे हे दर्शन. यज्ञातून ‘अपूर्व’ नावाची न दिसणारी शक्ती निर्माण होते आणि ती पुढे फळ देते, असे मानणारे. अदृष्टावर याहून अधिक विश्वास कुणाचा असणार? आणि तरीही मीमांसकांचा एक कडक नियम आहे: जिथे दिसणारे प्रयोजन सापडते, तिथे न दिसणाऱ्याची कल्पना करायची नाही.

त्यांचे उदाहरण भाताचे आहे. यज्ञासाठी साळी कांडाव्यात, असा विधी आहे. कशासाठी? इथे मीमांसक एकदम पुण्याकडे धाव घेत नाहीत. कांडल्याने तूस निघते आणि तांदूळ मिळतो, हे डोळ्यांना दिसते. म्हणून कांडण्याचे प्रयोजन तेच. मग पुढचा प्रश्न येतो. तूस नखांनी सोलूनही निघते, तर कांडायलाच का सांगितले? दिसणाऱ्या प्रयोजनातून याचे उत्तर मिळत नाही. तेव्हा कुठे ते म्हणतात की कांडूनच तूस काढण्याच्या या नियमापुरते अदृष्ट फळ मानावे. किती काटकसरीचा विचार आहे हा! अदृष्टाला नकार नाही, पण त्याला जागा मिळते ती दृष्टाची सगळी पाळी संपल्यावर आणि तीही उरलेल्या भागापुरतीच. शबर आणि कुमारिल यांच्यासारखे भाष्यकार ज्या शिस्तीने मंत्र आणि विधी वाचत, त्याच शिस्तीत बसवून पाहिले तर बिघडलेल्या कुलपाला नजर लागली म्हणणे हा श्रद्धेचा अतिरेकसुद्धा ठरत नाही. ती घाई आहे, आणि खुद्द कर्मकांडाच्या शास्त्रालाच ती नामंजूर आहे.

दृष्ट कारणांची पाळी संपेपर्यंत शोधायचे म्हटले, तर पूजेकडेही त्याच नजरेने पाहावे लागेल. हळद-कुंकू किल्लीच्या भोकाच्या अगदी तोंडाशी लावले जाते. नारळ फोडून त्याचे पाणी हँडलवर शिंपडले जाते. नारळाच्या पाण्यात साखर असते; ते वाळले की चिकट थर उरतो आणि त्यावर कुंकवाची पूड बसली, तर त्या बारीक स्प्रिंगांना हलायला जड जाऊ शकते. त्यावर घरचे कुणी खोबरेल तेल सोडले की रस्त्यावरची धूळही तिथेच चिकटते. कुलपात घालायचे झाले तर ग्रॅफाइटची कोरडी पूड बरी. यात पूजेचा काही अपमान नाही. समईच्या ज्योतीपासून पडदा दूर ठेवला म्हणून आरतीचे महत्त्व कमी होत नाही. कुंकू टाकीवर लावावे, भोकावर बोट धरावे आणि पाणी चाकावर सोडावे.

आता दुसऱ्या टोकाचा आक्षेप. हे जगच माया, तिथे कुलपाच्या दोषाचे एवढे काय? या आक्षेपाशी मोटारसायकलचा एक खराखुरा इतिहास जोडलेला आहे. अमेरिकी लेखक रॉबर्ट पर्सिग तरुणपणी बनारस हिंदू विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकायला आला होता. जग मिथ्या आहे असे शिकवणाऱ्या प्राध्यापकांना त्याने वर्गात विचारले, हिरोशिमा आणि नागासाकीवर पडलेले बॉम्बही मिथ्याच का? प्राध्यापक हसून हो म्हणाले. पर्सिग वर्गातून उठला आणि मायदेशी परतला. हा प्रसंग त्याने १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेंटेनन्स’ या पुस्तकात सांगितला आहे. मुलाला मागे बसवून १९६८ साली केलेल्या मिनेसोटा ते कॅलिफोर्निया या प्रवासावर ते आधारलेले आहे, आणि यंत्राची निगा राखणे हे अध्यात्मापासून वेगळे काम नाही असे ते पानोपानी बजावते.

त्याच पुस्तकात दुसरा एक प्रसंग आहे. त्याच्या गाडीचे इंजिन वारंवार अडकू लागते. गॅरेजमधली पोरे रेडिओ लावून, छिन्नी-हातोडा घेऊन तिच्यावर तुटून पडतात आणि चांगले भागही खराब करून ठेवतात. शेवटी पर्सिगलाच खरे कारण सापडते: तेल पोहोचवणाऱ्या यंत्रणेतली एक छोटीशी पिन मोडली होती. त्याला राग येतो तो त्यांच्या अज्ञानाचा नाही. ती माणसे समोरच्या वस्तूकडे पाहतच नव्हती, याचा.

बनारसच्या त्या वर्गात उत्तर अर्ध्यावर राहिले, असे म्हणावेसे वाटते. शंकराचार्यांच्या अद्वैतात व्यवहाराच्या पातळीवरचे जग खोटे म्हणून टाकून दिलेले नाही. ब्रह्मज्ञान होईपर्यंत तिथे प्रत्यक्ष, अनुमान ही सगळी प्रमाणे लागू असतात. विस्तव भाजतो, औषधाने ताप उतरतो आणि तुटलेल्या तारेतून प्रवाह जात नाही. दोरीवर भासलेला साप हे त्या परंपरेचे आवडते उदाहरण, आणि तो साप जातो कसा? दिवा आणून, वाकून, नीट पाहिल्यावर. पळून गेल्याने जात नाही आणि उतारा टाकल्यानेही नाही. म्हणजे अद्वैती माणूससुद्धा किल्ली अडकल्यावर सर्व्हिस सेंटरलाच जाईल.

नीट न पाहण्याची किंमत किती होऊ शकते, याचा दाखला अमेरिकेत आहे आणि तोही इग्निशन स्विचचाच. जनरल मोटर्सच्या शेव्हर्ले कोबाल्ट, सॅटर्न आयन यांसारख्या मोटारींत किल्लीला ‘चालू’ स्थितीत धरून ठेवणारा खटका ठरवलेल्या मानकापेक्षा बराच सैल होता. जड कीचेन किंवा रस्त्यातला धक्का एवढ्यानेही किल्ली मागे सरकायची. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद आणि एअरबॅगही बंद. तक्रारी आल्या तेव्हा कंपनीने त्यांना गैरसोयीच्या सदरात टाकले, सुरक्षेच्या नाही. २००५ मध्ये डीलरांना कळवण्यात आले की ग्राहकांना कीचेनवरच्या जड वस्तू काढायला सांगा. २००६ मध्ये स्विचचा भाग गुपचूप सुधारला गेला, पण त्याचा क्रमांक बदलला नाही, त्यामुळे जुना आणि नवा वेगळा ओळखणे पुढे अवघड झाले. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. भरपाईसाठी नेमलेल्या निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. त्या सुट्या भागाची किंमत अमेरिकी काँग्रेसच्या सुनावणीत सांगितली गेली ती ५७ सेंट.

या प्रकरणातली एक गोष्ट आकड्यांपेक्षा जास्त अस्वस्थ करते. टेक्सासमध्ये २००४ साली एका तरुणीची सॅटर्न आयन रस्ता सोडून झाडावर आदळली आणि शेजारी बसलेला तिचा वाग्दत्त वर मरण पावला. तिच्यावर खटला झाला आणि तिने गुन्हा कबूल केला. दहा वर्षांनी, २०१४ मध्ये, स्विचचा दोष उघड झाल्यावर न्यायालयाने तिला त्या गुन्ह्यातून मुक्त केले. त्या दहा वर्षांत तिच्यावर जे ओझे होते ते आणि आपल्याकडच्या एखाद्या सुनेवर पायगुणाचे जे ओझे असते ते, दोन्हींची जात एकच. एका ठिकाणी कायदा बोलला, दुसऱ्या ठिकाणी माजघर. दोन्हीकडे यंत्र उघडून पाहिले नाही म्हणून माणसाला दोषी धरले गेले. चुकीचे कारण मानणे ही निव्वळ बुद्धीची चूक नसते. त्यात कुणावर तरी अन्याय होतो आणि ज्याने उत्तर द्यायला हवे तो मोकळा सुटतो.

वस्तू घडवणाऱ्याने काय करावे, याची एक कथा वारकरी परंपरेत आहे. पंढरपूरचे नरहरी सोनार कट्टर शैव. विठ्ठलाचे दर्शन घ्यायचे नाही असा त्यांचा नेम. एका सावकाराने विठ्ठलासाठी सोन्याचा कमरपट्टा घडवायला दिला आणि माप आणून दिले. पट्टा आखूड झाला. वाढवला तर सैल झाला. माप आणणारा चुकला, किंवा देवाची कंबरच लहान-मोठी होते, असे म्हणून ते हात झटकू शकले असते. पण डोळ्यांना पट्टी बांधून ते स्वतः गाभाऱ्यात गेले आणि हातांनी चाचपू लागले. शिवाची चिन्हे हाताला लागली म्हणून पट्टी काढावी तर समोर विठ्ठल, आणि पुन्हा बांधावी तर पुन्हा शिव. कथा हरिहरांच्या ऐक्याची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. पण दोनदा परत आलेल्या वस्तूमागे तिचा घडवणारा स्वतः जातो, नेम मोडण्याची जोखीम पत्करून जातो, आणि त्या जाण्यातूनच त्याला दर्शन घडते, हेही तिच्यात आहे.

इतके शोधूनही एक प्रश्न उरतो, आणि तो उडवून लावणे बरोबर नाही. पट्टी अडली, तार तुटली, हे कळले. पण हजारो गाड्यांतली आमचीच का? इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी तेव्हाच्या सुदानमधल्या आझांदे लोकांवर १९३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हाच प्रश्न आहे. धान्याचे कोठार कोसळते आणि सावलीला बसलेली माणसे खाली सापडतात. वाळवीने खांब पोखरले होते हे आझांदेंना पक्के ठाऊक असते. पण नेमकी हीच माणसे खाली असताना नेमक्या त्याच क्षणी ते का कोसळावे, याचे उत्तर म्हणून ते चेटकाकडे बोट दाखवतात. वाळवी ते नाकारत नाहीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मात्र चेटूक म्हटले की चेटूक करणारा शोधणे आले, आणि बोट पुन्हा एखाद्या शेजाऱ्याकडेच वळते.

भारतीय परंपरेने या उरलेल्या प्रश्नाला प्रारब्धाची जागा दिली. ती जागा असू द्यावी. दुःखात माणसाला ‘का’ विचारल्याशिवाय राहवत नाही. पण प्रारब्ध हे ज्याचे त्याचे असते. ते दुसऱ्याच्या माथी मारता येत नाही, एवढी मर्यादा कर्मसिद्धान्तातच आहे. गाडी ज्याची, किल्ली ज्याच्या हातात, त्याला हवे तर त्याने मनाशी म्हणावे की हा माझा भोग. घरात नव्याने आलेल्या मुलीचे कर्म त्याच्या कुलपापर्यंत कसे पोहोचले, हे कुठल्याही दर्शनातून सिद्ध करता यायचे नाही. आणि स्वतःचा भोग म्हणायचे तरी मेकॅनिकने वायर तपासून झाल्यावर म्हणावे.

उरलेल्या प्रश्नाचे एक उत्तर असेही आहे की ती बहुधा एकट्या ‘आमची’ नसतेच. कुलपाचे भाग हजारोंच्या लॉटमध्ये तयार होतात. एखादी स्प्रिंग कमी ताणाची निघाली, तर तसल्या आणखी अनेक स्प्रिंगा अनोळखी लोकांच्या गाड्यांत बसलेल्या असण्याची शक्यता असते. म्हणून तक्रार नोंदवणे हे शेजारधर्माचे काम आहे. किल्ली कोणत्या स्थितीत होती, हँडल कुठे वळले होते, गाडी उभी होती की धावत होती, पाऊस होता का, हे जॉब कार्डावर लिहून घ्यावे. ‘लॉक प्रॉब्लेम’ एवढ्या दोन शब्दांतून कारखान्यात कुणाला काही कळत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूबद्दल उत्पादकाची जबाबदारी सांगणारे स्वतंत्र प्रकरण आहे. त्याच वर्षीच्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने आणलेल्या कलम ११०-अ नुसार, ठरावीक प्रमाणात मालकांनी धोकादायक दोष कळवला, तर केंद्र सरकार त्या प्रकारच्या गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते.

कुलूप बदलताना बहुधा पूर्ण संच बदलावा लागतो, कारण पेट्रोलच्या टाकीचे झाकण आणि सीटचे कुलूपही त्याच किल्लीने उघडते. नुसते पुढचे कुलूप बदलले तर खिशात दोन किल्ल्या बाळगाव्या लागतात. नव्या किल्लीचा क्रमांक लिहिलेली पट्टी मिळाली का, ते पाहून घ्यावे. आणि काढलेले जुने कुलूप तपासणीसाठी कंपनीकडे पाठवणार का, हे विचारावे. ते भंगारात गेले, तर दोष पट्टीचा होता, स्प्रिंगचा की तारेचा, हे कायमचे गुलदस्त्यात राहील आणि त्याच लॉटमधली पुढची गाडी ज्याच्या घरी जाईल तिथे सगळी चर्चा पुन्हा नारळापासून सुरू होईल.